फूटपाथवरची माणसे आणि आमचा कॅमेरा

आमच्या घरी आईचे फोटो एकूण तीन आहेत. एक मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती आहे हे सांगावे लागते. दुसरा नायगावच्या बी.डी.डी. चाळीच्या पटांगणात बुद्धजयंतीला महिला मंडळाबरोबर काढलेला. त्यात ती मागच्या रांगेत आहे आणि अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या खांद्याआड गेला आहे. तिसरा सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर एका फोटोवाल्याने पडद्यापुढे उभी करून काढलेला. पडद्यावर रंगवलेली दीक्षाभूमी, आई पांढऱ्या साडीत, दोन्ही हात सरळ खाली, जणू शाळेत कवायतीला उभी आहे. आईने एकवीस वर्षे दादर स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर बसून लिंबू, मिरची, कोथिंबीर विकली. त्या कामातला तिचा एकही फोटो आमच्यापाशी नाही.

म्हणजे एक निघाला होता. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्यातूनच आले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात रिंग खात्यात काम करणारे आमचे वडीलही होते. संप मिटेल, मिटेल म्हणता म्हणता घरातली भांडी गेली, आणि एके दिवशी आईने शेजारणीकडून टोपली मागून आणली. पहाटे चारला उठून भायखळ्याच्या मंडईतून माल आणायचा, टिळक पूल ओलांडून दादर पश्चिमेला जायचे आणि रात्री नऊला घरी यायचे. गिरणगावातल्या कितीतरी घरांत चूल त्या काळात बायकांच्या टोपलीवर पेटली.

१९८६ साली वडिलांना खोकल्यासाठी एका दवाखान्यात घेऊन गेलो होतो. आई सोबत होती. भिंतीवर कुठल्याशा कंपनीचे गुळगुळीत कागदाचे कॅलेंडर लटकत होते आणि मे महिन्याच्या पानावर आई होती! पुढे लिंबांचा ढीग, मागे माणसांचे पाय, मध्ये आई मान वळवून कोणाला तरी सुटे पैसे मोजून देत होती. खाली इंग्रजीत एक ओळ होती. ती मी वाचून दाखवली. मुंबईच्या बाजारातील एक विक्रेती, एवढाच तिचा अर्थ.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पदर सरकलाय बघ. आवाज दिला असता तर सावरला नसता का मी?" थोड्या वेळाने म्हणाली, "लिंबं मात्र झकास दिसतायत." आणि घरी येताना पुलावर थांबून विचारले, "असलं एक कॅलेंडर कितीला पडत असेल रे?"

वर्ष संपल्यावर ते पान आम्हाला द्या, असे मी कंपाउंडरला सांगून ठेवले होते. तो हो म्हणालाही. जानेवारीत गेलो तेव्हा तो रजेवर गेला होता आणि कॅलेंडर रद्दीत. तो फोटो न विचारता काढला याचा राग मला आजही येतो, आणि तो आज आपल्या हाती नाही म्हणून जीव हळहळतो. दोन्ही खरे आहे. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली.

आमच्या मुलीने गेल्या वर्षी बोरा बाजारातून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. घेतल्यापासून एकच धोशा, "बाबा, मला बाजारात फोटो काढायचेत, तुम्ही बरोबर चला." मी टाळत होतो. मग एका शनिवारी सकाळी सातला आम्ही बापलेक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि डी. एन. रोडने क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागलो.

या मंडईचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. पाटीवर तसे आहे, टॅक्सीवाल्याला सांगताना मात्र आपण सगळे क्रॉफर्डच म्हणतो, मीही म्हणतो. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८६९ साली ही इमारत पूर्ण झाली, विल्यम इमर्सन याने तिचा आराखडा केला, आणि १८८२ साली विजेचे दिवे लागलेली हिंदुस्थानातली ही पहिली इमारत असे सांगतात. दरवाजावर वर मान करून पाहिलेत तर दगडात कोरलेले शेतकरी दिसतील. ते शिल्प लॉकवुड किपलिंग यांचे. शेजारच्याच जे. जे. कलाशाळेत ते शिकवीत असत. ज्या महात्म्याने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याचे नाव पुढे या मंडईला मिळाले, हे मला फार योग्य वाटते. मुलीला ते शिल्प दाखवून मी म्हणालो, "यांचा पहिला फोटो काढ." तिने काढला. मग म्हणाली, "यांची नावे काय असतील?"

पोरीच्या या प्रश्नाने मला एक जुनी गोष्ट आठवली, ती वाचकांनाही सांगावीशी वाटते. ही मंडई उभी राहिली त्याच दशकात विल्यम जॉन्सन नावाच्या गोऱ्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि मागे देऊळ, बाजार, समुद्र असा दुसराच देखावा चिकटवायचा, अशी त्याची रीत होती. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. त्यातही तेच, माणसांची जात, जमात, धंदा यांप्रमाणे मांडणी. मनुस्मृतीने जे शब्दांत केले ते कॅमेऱ्याने चित्रांत करून ठेवले. आमच्या आईच्या फोटोखालची 'एक विक्रेती' ही ओळ त्याच घराण्यातली.

मंडईच्या आत सकाळी उजेड वरून येतो. उंच लोखंडी छप्पर, झरोक्यांतून तिरपे पट्टे खाली उतरतात, आणि फळांच्या पेटाऱ्यांतले गवत झटकले की त्या पट्ट्यांत धूळ तरंगताना दिसते. फळभाजीचा घाऊक व्यापार १९९६ साली वाशीला गेला. त्यामुळे पूर्वीसारखी पहाटेची झुंबड आता नाही, पण पाटीवाले आहेत. डोक्यावर चुंबळ, त्यावर वेताची गोल पाटी, आणि गिऱ्हाइकामागून चालायचे. मुलगी एका खांबाला टेकून उभी राहिली. तिने मला समजावले की उजेडाच्या पट्ट्यात कोणी पाऊल टाकीपर्यंत थांबायचे असते, धावत सुटायचे नसते. वीस मिनिटे आम्ही तसे उभे होतो. एक पन्नाशीचा पाटीवाला तीनदा आमच्यासमोरून गेला आणि चौथ्यांदा थांबून म्हणाला, "साहेब, काय हरवलंय का?"

मी म्हणालो, "नाही भाऊ, पोरीला फोटो काढायचाय. उजेड बघतेय."

"माझा काढायचा?" आणि त्याने पाटी खाली ठेवून केस नीट केले, शर्टाचे वरचे बटण लावले. मुलीचा चेहरा पडला, कारण तिला तो पाटीसह हवा होता. तो मात्र पाटी पायाने मागे सारून उभा राहिला. आंबेगाव तालुक्यातला, तीस वर्षे इथे. म्हणाला, "पाटी कशाला? पाटी रोजच आहे." तिने तसाच फोटो काढला आणि दाखवला. त्याला आवडला. मग पाटी उचलून तो कामाला लागला आणि जाता जाता त्या उजेडाच्या पट्ट्यातून गेला. तेव्हा तिने दुसरा काढला. दोन्ही फोटो माझ्यासमोर आहेत. दुसरा अधिक चांगला आहे हे मला कळते, पण पहिला त्याचा आहे.

मंडईच्या मागच्या बाजूला एक सफाई कामगार ओला कचरा ओढत होता. मुलीने कॅमेरा उचलला आणि खाली घेतला. मी काही बोललो नव्हतो. सुधारक ओलवे यांचे फोटो तिने पाहिले आहेत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे जाऊन काळ्यापांढऱ्या रंगात जे काम केले आहे, ते आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे. गटारात उतरलेली उघडी अंगे, हातमोजे नसलेले हात, आणि त्याच माणसांची घरे, बायका, मुले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येता जाता कॅमेरा उडवून असे काम होत नसते. मुलगी म्हणाली, "इथे पुन्हा यावे लागेल." मला बरे वाटले.

मंडईसमोरचा रस्ता ओलांडला की अब्दुल रहमान स्ट्रीट. इथे चालणे म्हणजे वाहणे. हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत येतो, मागून दुचाकी, पुढून डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेतलेला माणूस, खाली फूटपाथवर पेनांचे ढीग, कात्र्या, प्लॅस्टिकचे डबे. मंगळदास मार्केटच्या बोळांत तर दोन माणसे समोरासमोर आली की एकाला दुकानात चढावे लागते. मुलीला चार धक्के बसले, मला सहा. तिने कॅमेरा छातीशी धरला होता आणि डोळ्याला न लावताच फोटो काढत होती. चार-पाच हातांवर काय आहे ते स्पष्ट येईल असा तो आधीच लावून ठेवायचा असतो म्हणे.

धक्क्यावरून आजोबा आठवले. गावात पाटलाच्या आळीतून जाताना त्यांना वहाणा हातात घ्याव्या लागत. केरळात वायकोम येथे १९२४-२५ साली देवळाभोवतालच्या नुसत्या रस्त्यावरून चालता यावे यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि १९२७ साली महाडला पाण्यासाठी. ते आजोबा पहिल्यांदा मुंबईत आले. परळच्या नाक्यावर एका धोतरवाल्याचा त्यांना खांद्याला जोरात धक्का लागला. आजोबा घाबरून भिंतीला चिकटले. तो माणूस मागे न बघता पुढे निघून गेला. आजोबा म्हणत, "तवा मला कळलं, हितं ऱ्हायचं." ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आम्ही हसायचो. त्या दिवशी अब्दुल रहमान स्ट्रीटवर धक्के खाताना मला हसू आले नाही. मोठ्या शहराच्या गर्दीने आपल्या माणसाला काय दिले, तर कोणी 'कोण?' असे विचारत नाही हे दिले. आणि कॅमेरा नेमके काय करतो? त्या गर्दीतून एका माणसाला वेगळे काढतो. मग ज्याला वेगळे काढले त्याला सांगायला नको का?

झवेरी बाजाराच्या तोंडाशी आम्हाला हिसका बसला. एक माणूस जमिनीवर चादर अंथरून मोबाइलची कव्हरे विकत होता. मुलीने दुरून फोटो घेतला आणि तो उठून आलाच. "कहाँ भेजोगे? बीएमसी को?" चार माणसे जमली. मी पुढे झालो, हात जोडले, तिने फोटो त्याच्यासमोर पुसून टाकला. त्याची चूक नव्हती. हल्ली कोणीही उठतो, फेरीवाल्याचा फोटो काढतो आणि तक्रारीसोबत पाठवून देतो. संध्याकाळी गाडी येते आणि माल उचलून नेते. २०१४ साली केंद्राने फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की आधी सर्वेक्षण करा, विक्रीचे प्रमाणपत्र द्या, तोवर कोणाला उठवू नका. कायद्यात आहे. पण चादरीवर बसलेल्या माणसाला कायदा दिसत नाही, त्याला फोन दिसतो.

पुढे एका इराण्याकडे चहा घेतला. मुलीचे तोंड उतरले होते. मी म्हणालो, "तुमच्या त्या मोठमोठ्या फोटोवाल्यांना असे कोणी बोलत नसेल." त्यावर तिने मला बरेच काही सांगितले. न्यूयॉर्कचा पॉल स्ट्रँड रस्त्यावरच्या माणसांना कळू नये म्हणून कॅमेऱ्याला बाजूला खोटे भिंग लावायचा. त्याचा १९१६ सालचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. अंध बाई, गळ्यात 'आंधळी' अशी पाटी आणि अंगावर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला. मी म्हणालो, "अगं, तिला तर दिसतच नव्हते. तिच्यापुढे खोट्या भिंगाची काय गरज?" पोरगी हसली. मग म्हणाली, "बाबा, तिचा परवाना फोटोत आहे, नाव नाही."

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला फारच लागली. रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा गुरू मानतात तो हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. छोटा लायका कॅमेरा घेऊन तो जगभर फिरला, आपल्याकडेही १९४७-४८ साली होता. १९५२ साली त्याचे पुस्तक निघाले. इंग्रजीत त्याचे नाव 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचे आहे आणि सगळे तेच घोकतात. पण मूळ फ्रेंच नाव आहे 'इमाज आ ला सोव्हेत'. आ ला सोव्हेत म्हणजे घाईघाईने, लपतछपत. आणि फ्रेंच भाषेत हा शब्द खास कोणासाठी वापरतात? विनापरवाना रस्त्यावर माल मांडणाऱ्या, पोलीस दिसताच गाशा गुंडाळून पळणाऱ्या फेरीवाल्यासाठी! म्हणजे जगातल्या या सर्वांत नावाजलेल्या पुस्तकाचे नाव आमच्या आईच्या धंद्यावरून आहे, आणि मला ते साठी उलटल्यावर कळले.

तिथेच आम्ही दोघांनी आपसात काही ठरवले. आपल्या घरोघरी आता मुलांच्या हाती फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा, म्हणून लिहितो. दुरून ओढून फोटो घ्यायचा नाही, दोन पावले पुढे जाऊन घ्यायचा. जवळ गेले की बोलावेच लागते. गर्दीचा फोटो गर्दीचा म्हणून घ्यावा, पण एकाच माणसाचा चेहरा असेल तर आधी किंवा निदान नंतर त्याला दाखवावा. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसावा. लहान मुलाचा त्याच्या आईबापाला विचारल्याशिवाय नाही. झोपलेल्या माणसाचा तर नाहीच. आणि शक्य तिथे छापील प्रत नेऊन द्यावी. चहाच्या एक-दोन कपांच्या पैशात ती निघते. यात काही फोटो हातचे जातात, मुलीचे त्या दिवशी पुष्कळ गेले. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतरचा उजेड चांगला. दुपारी बाजारात माणसांच्या डोळ्यांखाली काळे पडते, तेव्हा जेवून घ्यावे.

तसेच केले. मग लोकलने दादरला आलो.

दादर पश्चिमेला उतरले की डोळ्यांपुढे सहा डिसेंबरच उभा राहतो, त्याला इलाज नाही. त्या दिवसांत इथे किती कॅमेरे येतात! पूर्वी वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी काय छापून येई ते आपल्याला माहीत आहे, रांगेचा फोटो आणि मैदानावरच्या कचऱ्याचा फोटो. पुस्तकांच्या स्टॉलवर पोटाला चिमटा काढून ग्रंथ घेणारा शेतमजूर क्वचितच दिसायचा. मुलीने मागच्या सहा डिसेंबरला फोनवर काढलेला एक फोटो मी घरात लावला आहे. विदर्भातून आलेली एक म्हातारी, डोक्यावर गाठोडे, गाठोड्यातून पुस्तकांचे कोपरे बाहेर आलेले. म्हातारीला विचारले होते. ती म्हणाली होती, "काढ माय, पण पुस्तकं दिसू दे."

आता आईची जागा. स्टेशनबाहेर, फूलबाजाराकडे जाणाऱ्या अंगाला, एका बंद दुकानाच्या पायरीखाली. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा आदेश दिला. माणसे चालायला जागा हवी हे कोण नाकारील? पण लिंबू-मिरची घेणारे गिऱ्हाईक त्या १५० मीटरांतच असते. त्यामुळे टोपल्या येतात, उठतात, पुन्हा येतात.

आईच्या जागेवर एक बाई बसल्या होत्या. पुढे निळे प्लॅस्टिक, त्यावर लिंबे, मिरच्या, आल्याचे तुकडे. लिंबांचा ढीग आई लावायची तसाच, खाली मोठी, वर बारीक. मला बोलवेना. मुलीनेच सुरुवात केली.

"मावशी, तुमचा फोटो काढू का?"

"कशाला गं? पेपरात देणार?"

"नाही. माझी आजी इथेच बसायची, तुमच्या जागेवर."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "कवा?" मी वर्षे सांगितली. त्या म्हणाल्या, "मी नंतरची. जागा मला माझ्या नणंदेनं दिली." मग थोडे सरकल्या, जणू आईला बसायला जागा करीत होत्या.

मुलीने विचारले, "मावशी, तुमचे नाव?"

"नाव कशाला? पावती फाडायची का?" आम्ही तिघेही हसलो. मुलगी म्हणाली, "फोटोच्या मागे लिहायला." मग त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, तालुकाही सांगितला. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनी ते फोटोच्या मागे लिहायला दिले होते, छापायला नव्हे.

पदर सावरला. कपाळावरचे केस मागे घेतले. मिरच्यांवर पाणी शिंपडले. एक किडका लिंबू उचलून मागे टाकला. आणि आमच्या आईसारख्याच ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मुलगी नंतर म्हणाली की मोकळे हसू त्याआधीच येऊन गेले होते, 'पावती' म्हणाल्या तेव्हा. तो क्षण गेला. मी म्हणालो, "जाऊ दे."

पुढच्या शनिवारी प्रत घेऊन गेलो. बाईंनी हात लुगड्याला पुसले आणि फोटो कडांनी धरला. "जाड दिसते की गं मी," म्हणाल्या. शेजारच्या गजरेवालीला दाखवला, तिच्यापलीकडच्या कांदेवाल्याला दाखवला. मागे लिहिलेले नाव एका शाळकरी गिऱ्हाइकाकडून वाचून घेतले. इतक्यात पुलाच्या बाजूने आवाज आला, "गाडी! गाडी!"

मी लहानपणी हे शंभर वेळा पाहिले आहे, तरी छातीत धस्स झाले. प्लॅस्टिकची चार टोके एका मुठीत आली, तराजू काखेत, टोपली डोक्यावर. जाता जाता त्यांनी फोटो मुलीच्या हातात दिला, "धर बाळा, चुरगळंल," आणि बोळात दिसेनाशा झाल्या. गाडी अगदी हळू गेली. गळ्यात कॅमेरा लोंबतो आहे आणि दोन्ही हातांत तो फोटो छातीशी धरून पोरगी पायरीला टेकून उभी आहे. त्या दहा मिनिटांत तिने एकही फोटो काढला नाही. मी विचारले, तर म्हणाली, "हात कुठे मोकळे होते?"

बाई परत आल्या, प्लॅस्टिक पसरले, लिंबे पुन्हा रचली. फोटो घेऊन कमरेच्या पिशवीत घातला. पैसे विचारले, आम्ही नको म्हटले, तर आठ लिंबे बळेच मुलीच्या झोळीत टाकली. मग म्हणाल्या, अजून दोन प्रती हव्यात, एक गावाकडे थोरल्या लेकीला आणि एक नणंदेला. "आणि नाव जरा मोठ्या अक्षरात लिवा. लेकीला चष्मा लागलाय."

दोन्ही प्रती छापून आणल्या आहेत. येत्या शनिवारी जायचे आहे.